नऊ पहिले शुक्रवार, म्हापशातले

मी मूळची वसईची, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हापशाला आले आणि आता इथलीच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये कोंकणी, बाजारात जे तोंडाला येईल ते. मराठी बोलणारी बाई कॅथलिक कशी, याचं इथं अजून काही जणांना नवल वाटतं, मग मला थेट वसईच्या किल्ल्यापासून गोष्ट सुरू करावी लागते, पण ते असो. लिहायचंय ते वेगळंच. २०२५ साली २५ मार्चपासून २५ डिसेंबरपर्यंत मी एक भक्ती केली, पूर्ण केली, आणि त्याबद्दल वसईच्या मैत्रिणी सारख्या विचारतायत की नेमकं काय असतं, जमतं का, काय फरक पडला. प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते.

तर ही भक्ती म्हणजे प्रार्थनेत एक बाळ दत्तक घ्यायचं. कागदपत्रं नाहीत, कोर्ट नाही. कुठल्यातरी आईच्या पोटात एक बाळ आहे, ते जन्माला येईल की नाही हे नक्की नाही, ॲबॉर्शनचा विचार चाललाय, ती आई कोण, कुठली, आपल्याला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. त्या एका बाळासाठी नऊ महिने रोज एक छोटी प्रार्थना म्हणायची, येशू, मरिया आणि योसेफ यांच्याकडे, की या बाळाला जगू द्या. एवढंच. प्रार्थना अमेरिकेतले आर्चबिशप फुल्टन शीन यांच्या नावाने ओळखली जाते, ते १९७९ ला वारले. म्हणायला अर्धा मिनिट लागतो, खरंच, मी भाताच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये म्हणायचे. सुरुवात २५ मार्चला, म्हणजे देवदूत मरियेकडे, येशू तुझ्या पोटी येणार, असा निरोप घेऊन आला तो सण, आणि शेवट नाताळला, बरोब्बर नऊ महिने. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी जीवनाबद्दलचं त्यांचं मोठं परिपत्रक १९९५ साली काढलं तेही २५ मार्चचीच तारीख टाकून, त्यामुळे चर्चमध्ये या दिवसाला आता तो एक अर्थ चिकटलाय.

आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपने त्याला अजून एक जोड दिली, नऊ पहिले शुक्रवार. ही जुनी भक्ती, १७ व्या शतकातल्या फ्रान्समधल्या संत मार्गारेट मेरी आलाकोक यांच्यापासूनची, येशूच्या पवित्र हृदयाची. सलग नऊ महिने, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा म्हणजे चर्चमधला मुख्य विधी, त्यात कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, त्याआधी जमेल तेव्हा कन्फेशन म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, आणि जिथं असेल तिथं आराधनेचा तास. मध्ये एक चुकला की परत एकपासून मोजायचं, त्यामुळे लोक अर्ध्यात सोडतात. एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, नऊ शुक्रवार, दोन्ही भक्ती एकमेकींत छान बसतात.

मी या भक्तीची चिठ्ठी घेतली ती काही भक्ती उचंबळून आली म्हणून नाही. २५ मार्चला मंगळवार होता, मिस्सा सुटल्यावर दाराशी एक सिस्टर चिठ्ठ्या वाटत होत्या, हात पुढे आला, घेतली. घरी येऊन वाचली आणि खरं सांगायचं तर थोडा रागच आला. आम्हाला मूल नाही. ट्रीटमेंट झाली, मग थांबवली, ती कथा इथं नको. पण ज्या बाईला मूल नकोय तिच्या मुलासाठी मी नऊ महिने प्रार्थना करायची, माझ्याच वाट्याला ही चिठ्ठी? चिठ्ठीवर बाळासाठी नाव लिहायला एक रेघ होती, ती मी कोरी ठेवली. फ्रिजवर मॅग्नेट लावून चिकटवली. नवऱ्याने वाचलं, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी मीच विसरले तर म्हणाला, आजची झाली का तुझी?

आता शुक्रवार आणि म्हापसा. ज्यांनी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहिला नाही त्यांना काय सांगू. बाकी गोव्यात पहिला शुक्रवार म्हणजे शांतपणे चर्चला जायचं असेल, इथं म्हणजे आधी पार्किंगची तपश्चर्या. चोरीस सॉसेजच्या माळा, कांद्याच्या वेण्या, सुकी मासळी, मातीची मडकी, हरमलच्या मिरच्या, मयड्याची केळी, एप्रिलात मानकुराद आंबे, पावसात तवशी, म्हणजे काकड्या, आणि रानभाजी. मी ऑफिसातून अर्धा दिवस घेत नव्हते, संध्याकाळचाच मिस्सा धरायचे, त्यामुळे हातात भाजीच्या पिशव्या घेऊनच चर्चमध्ये. एकदा आराधनेच्या वेळी, सगळं चिडीचूप, आणि माझ्या पिशवीतून एक नारळ गडगडत थेट पुढच्या बाकापर्यंत गेला. कोणी हसलं नाही हे जास्त वाईट.

बाजारात एक सवय मात्र लागली. पोटुशी बाई दिसली की मनात यायचं, हीच का ती? भाजीवाली असो, दुकानात बिल करणारी मुलगी असो, कदंबाच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेली असो. आधी मी अशा बायकांकडे बघायचं टाळायचे, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आता बघायला लागले. हे कोणी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं.

एप्रिल तसा धावपळीतच गेला. गुड फ्रायडे, ईस्टर २० तारखेला, आणि दुसऱ्याच दिवशी सोमवारी पोप फ्रान्सिस गेले, ईस्टरच्या जेवणाची भांडीसुद्धा घासून झाली नव्हती आणि टीव्हीवर ती बातमी. २८ एप्रिलला संत जियाना बेरेत्ता मोला यांचा सण येतो. इटलीतल्या डॉक्टर, लहान मुलांच्या. चौथ्या बाळाच्या वेळी गरोदर असताना गर्भाशयात गाठ निघाली, त्यांनी गर्भाशय काढून टाकायला नकार दिला, फक्त गाठ काढायला लावली, १९६२ मध्ये मुलगी झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या, ३९ व्या वर्षी. २००४ मध्ये संत झाल्या तेव्हा नवरा हयात होता, तीच मुलगी समारंभाला होती. मी पण ३९ चीच म्हणून असेल, पण त्यांची गोष्ट मला नेहमी अंगावर येते. लोक ती ज्या सुरात सांगतात तो सूर मला आवडत नाही, जणू बघा, खरी आई ही अशी असते आणि बाकीच्या तुम्ही. त्यांनी स्वतःच्या जिवाबद्दल निर्णय घेतला, तो दुसऱ्या बाईच्या डोक्यावर आपटायला नव्हे.

मेचा पहिला शुक्रवार २ तारखेला आला आणि त्याच दिवशी शिरगावची लईराई देवीची जत्रा. आमच्या शेजारच्या काकींचा भाचा धोंड आहे, म्हणजे दरवर्षी देवीचं व्रत धरतो, पाच दिवस सोवळ्यात, रात्री होमकुंडातून चालायचं. संध्याकाळी मी मिस्साला निघाले तेव्हा तो गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात बेत म्हणजे वेताची काठी असा निघत होता. काकी म्हणाल्या, "आज तुझं पण व्रत आणि आमचं पण." मी हसले, गेले, आले, झोपले. पहाटे काकींनी दार ठोठावलं. शिरगावात चेंगराचेंगरी झाली होती, माणसं गेली म्हणत होते, आणि भाच्याचा फोन लागत नव्हता. नवरा आणि काकींचा मुलगा गाडी काढून गेले. काकी देवघरात बसल्या, मी देवघराबाहेरच्या पायरीवर, त्यांचं चाललेलं लईराईचं नाव, माझं नमो मरिया, कोणी कोणाला थांबवलं नाही. नऊच्या सुमारास तो घरी आला, चपला नव्हत्या, शर्ट फाटलेला, बोलत नव्हता. सहा जण गेले असं दुपारपर्यंत कळलं.

त्यानंतरच्या सोमवारीच आमच्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरिया मातेचं, फेस्त म्हणजे चर्चचा सण होता. बाहेरच्यांसाठी सांगते, इथं सगळ्या बार्देश तालुक्याची समजूत अशी की लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सख्ख्या बहिणी, सात बहिणींतल्या, त्यातली मिराबाय म्हणजे ही. फेस्ताला हिंदू माणसं तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी असतात, ख्रिश्चनांपेक्षा जास्त असतील कदाचित. काकी दरवर्षी जातात, त्या वर्षी मला म्हणाल्या, "चल, आज मला एकटीला नाही जमायचं." रांगेत माझ्या पुढे-मागे लोक शिरगावबद्दलच बोलत होते, कोण कुठल्या गावचा, कोणाची आई काय म्हणाली. काकींनी तेल वाहिलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांच्यासाठी माग गो, जे परत नाही आले त्यांच्यासाठी." मी चिठ्ठीतलं बाळ विसरले त्या दिवशी. विसरले म्हणजे, त्याच्या जागी ती सगळी माणसं आली. सिस्टरला नंतर सांगितलं तर म्हणाल्या, मग काय झालं, ती पण कोणाच्यातरी पोटातूनच आली होती ना.

मेमध्येच ग्रुपवर भांडण झालं. कोणीतरी रक्ताबिक्ताचे फोटो फॉरवर्ड केले, खाली लिहिलेलं की अशा बायांना देव माफ करणार नाही. सकाळी साडेसहाला, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये. मी लिहिलं की हे काढा, इथं पण अशी एखादी असेल जिच्यावर ही वेळ आली होती. मग सुरू झालं, ॲबॉर्शनचा कायदा कधीचा, १९७१ चा, २०२१ मध्ये तो काही प्रकरणांत २४ आठवड्यांपर्यंत वाढवला, सरकार असं, डॉक्टर तसे. चर्चची शिकवण मला मान्य आहे, नाहीतर चिठ्ठी कशाला फ्रिजवर लावली असती. पण त्या मुलीच्या खोलीत त्या रात्री आपण कोणी नव्हतो, घरच्यांनी तिला काय ऐकवलं, तो मुलगा फोन उचलत होता की नाही, मुलगीच आहे म्हणून कोणी सासू मागे लागलेली का, काहीच माहीत नाही, आणि आपण फोटो पाठवणार. दोघी जणी ग्रुप सोडून गेल्या. एकीने मला वेगळा मेसेज केला, फक्त "थँक्यू", आजपर्यंत त्यावर आम्ही बोललेलो नाही.

जूनमध्ये मला एक गोष्ट सापडली, त्यासाठी हे सगळं लिहितेय म्हटलं तरी चालेल. सांव जांव, २४ जून, योहान बाप्तिस्ताचा जन्म. इथं पोरं डोक्यावर फुलांपानांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतात, शिवोल्याला होड्या सजवून काढतात, नव्या जावयाचं कौतुक, फेणी, दंगा. त्या वर्षी पाऊस तर मे महिन्यातच येऊन बसलेला, विहिरी काठोकाठ. मला आधी वाटायचं हा नुसता पावसाचा सण. तर आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या आंटीने सांगितलं की उडी का मारतात, मरिया एलिझाबेथला भेटायला गेली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे याच योहानाने, आनंदाने उडी मारली, लूकच्या शुभवर्तमानात आहे, ती ही उडी. म्हणजे अख्खा गाव, दारू प्यालेला एखादा पांडूसुद्धा, पोटातल्या बाळाची नक्कल करत विहिरीत पडतोय!

मग मी कॅलेंडर काढून बसले. २५ मार्चला देवदूत मरियेला सांगतो, तुझी नातलग एलिझाबेथ सहाव्या महिन्यात आहे. सहात तीन मिळवा, २४ जूनला योहान जन्मतो. ३१ मेला त्या दोघींच्या भेटीचा सण, दोघी पोटुश्या. २५ मार्चपासून नऊ महिने, नाताळ. आणि पुढे बघा, ८ डिसेंबर निष्कलंक गर्भसंभवाचा सण, पणजीच्या चर्चचं मोठं फेस्त, म्हणजे मरिया तिच्या आईच्या, संत ॲनाच्या पोटात आली तो दिवस, आणि ८ सप्टेंबर मरियेचा जन्म. मोजा, नऊ महिने. मध्ये २६ जुलैला खुद्द त्या ॲनाचा सण. लहानपणापासून हे सण मी पाळतेय, वसईला पण, इथं पण, पण हे सगळं वर्ष म्हणजे बायकांच्या दिवसांचा हिशोब आहे हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. फादरांना विचारलं तर म्हणाले हो, त्यात काय, हे सगळ्यांना माहीत असतं. फादरांना असेल.

जुलैच्या शेवटी काकींनीच विषय काढला, तळावलीच्या संतानाचा, म्हणजे संत ॲनाचा. तिसवाडीतलं संत ॲनाचं जुनं चर्च, १७ व्या शतकाच्या शेवटचं, इतकं मोठं आणि उंच की एवढ्याशा गावात हे कोणी कशाला बांधलं असं वाटतं. त्याच्या फेस्ताला लोक तवशांचं फेस्तच म्हणतात. मूल हवं असेल त्यांनी संतानाला तवसं वाहायचं, नवरा हवा तर उडीद, बायको हवी तर चमचा. पोर्तुगीज काळातली यमकं आहेत त्याला, तवसं घे बाळ दे अशा अर्थाची. काकींना माझ्या चिठ्ठीचा अर्थ एव्हाना माहीत होता, पण त्यांचा विश्वास नव्हता. रोज एक बाई बाळासाठी प्रार्थना करते, तिला स्वतःला मूल नाही, आणि म्हणे दुसऱ्यासाठी. कोण मानेल? त्यांनी बाजारातून स्वतः निवडून एक सरळ, कोवळं तवसं आणलं, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

गेलो आम्ही दोघं नवरा-बायको, रविवारी, पाऊस धो धो. आत तरुण जोडपी, कोणी नवस फेडायला बाळ घेऊन आलेली, कोणी आमच्यासारखी. रांगेत एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, पुढच्या वर्षी तिघं या. मी मान हलवली, समजावणार काय. तवसं वाहताना मी आधी त्या अनोळखी आईसाठी मागितलं, तिला चौथा संपत आला असेल या हिशोबाने, धोका टळलाय की नाही माहीत नाही. आणि मग स्वतःसाठी मागितलं का? मागितलं. एवढ्या लांब पावसात आल्यावर मागायला काय जातं. नवऱ्याने काय मागितलं मी विचारलं नाही, येताना त्याने गाडी थांबवून भजी घेतली, भिजलेल्या कागदातली, दोघांनी गाडीतच खाल्ली.

ऑगस्टचा शुक्रवार वसईला केला, माहेरी होते, मिस्सा मराठीत, गाणी पाठ, आजूबाजूला सगळ्या ओळखीच्या. तिथं आईला चिठ्ठीबद्दल सांगितलं, तिने सासूबाईंना सांगितलं, आणि तिथून पुढे मला काही विचारायची सोय राहिली नाही. सप्टेंबरात वांद्र्याची मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा, ८ तारखेनंतरच्या रविवारी सुरू होते, वसईहून अर्धं गाव जातं. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, मागे मेणबत्त्यांचे स्टॉल, हातात मेणाचं बाळ. तिथं ज्याला जे हवं त्याचा मेणाचा आकार वाहतात, पाय दुखतो तर पाय, घर हवं तर घर. मी म्हटलं, मम्मी, अहो ते माझ्यासाठी नाहीये, ते वेगळं आहे. तर म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय? तुझं तू कर, माझं मी करते." आणि फोन ठेवला. त्यांच्यावर चिडावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या, चांगुलपणाने गप्प होत्या, आणि माझ्या या भक्तीने त्यांना बोलायची वाट मिळाली.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेचा महिना, आमच्या वाड्यावर सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, घरोघर फिरते, ज्या घरी येते तिथं सगळे जमतात, तेर्स म्हणजे रोझरी, गाणी, मग उकडलेले चणे. आमच्या घरी आली तेव्हा काकींच्या घरचे सगळे आले, चपला काढायला जागा उरली नाही. १६ तारखेला संत जेरार्ड माजेला, गरोदर बायकांचे कैवारी, आणि योगायोग असा की त्याच तारखेला मार्गारेट मेरी यांचा पण सण, म्हणजे माझ्या दोन्ही भक्ती एका दिवसात. त्या दिवशी मला १०२ ताप होता, घरीच पडून होते, त्यामुळे यावर अधिक काही नाही.

नोव्हेंबर मृतांचा महिना. २ तारखेला रविवार होता, सिमितेरीत सगळीकडे फुलं आणि मेणबत्त्या, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. मला सांव जांवची उडी समजावणारी ती आंटी, ऐंशीच्या पुढची, तिने नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि एक पिशवीत परत ठेवली. मी विचारलं ही कुणासाठी? तर म्हणाली घरी लावायची. घरी परसात, कुंपणाजवळ, फणसाखाली. तिचं पहिलं बाळ मेलेलं जन्माला आलं होतं, तरुणपणी, दुसऱ्या गावात. बाप्तिस्मा नाही म्हणून तिथल्या लोकांनी सिमितेरीत पुरू दिलं नाही, नवऱ्याने रात्री घरामागे खड्डा केला. पुढे ते म्हापशाजवळ राहायला आले तेव्हा तिथली ओंजळभर माती पिशवीतून आणून फणसाखाली टाकली. इतकी वर्षं दर २ नोव्हेंबरला तिथं एक मेणबत्ती, कोणाला सांगितलेलं नाही, मुलांनाही नाही. मला का सांगितलं? म्हणाली, "तू त्या नसलेल्या बाळासाठी म्हणतेस ना रोज, म्हणून."

मी फादरांना विचारायला गेले, तिला न सांगता, नाव न घेता. फादर म्हणाले, ते जुने दिवस, आता चर्च असं म्हणत नाही, २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने यावर सविस्तर लिहिलं, बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत म्हणून. मी म्हटलं फादर, हे तिला कोणी सांगितलं नाही. ते गप्प झाले, मग म्हणाले, कोण आहे, कुठं राहते? आंटीला विचारून मग पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात ते स्कूटरवरून आले, फणसाखाली उभं राहून प्रार्थना केली, पाणी शिंपडलं. आंटीने त्यांना चहा दिला आणि वर ऐकवलं पण, की हे तुम्ही लोकांनी आधी का नाही केलं. फादरांनी ऐकून घेतलं, चांगले आहेत. मी मात्र विचार करत होते की चिठ्ठीवरचं बाळ दोन महिन्यांत जन्मेल किंवा नाही, मला कळणार नाही, पण हे एक बाळ तरी मला नावासकट कळलं. तिने नाव ठेवलेलं होतं. इथं लिहीत नाही.

डिसेंबर ३ ला जुनं गोंय, गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचं, फेस्त, गर्दी, ऊन, काजूचे लाडू. ५ ला नववा शुक्रवार. त्या दिवशी काहीतरी वाटेल असं मला वाटत होतं, पण पाय दुखत होते आणि मागे एक लहान मूल सारखं बाकाला लाथा मारत होतं. झालं, नऊ पूर्ण. सिस्टरांनी पाठ थोपटली.

आणि दुसऱ्याच रात्री हडफड्याच्या क्लबमधली आग. आमच्यापासून किती जवळ. २५ माणसं गेली, बहुतेक तिथं काम करणारी पोरं, स्वयंपाकघरातली, झारखंड, उत्तराखंड, नेपाळकडची, गोव्यात पोट भरायला आलेली. ८ तारखेला पणजीला फेस्ताला गेले, पायऱ्या चढताना दम लागतो तिथं, वर सगळं सजवलेलं, दिवे, आणि माझ्या डोक्यात मे महिन्यातले काकींचे शब्द, जे परत नाही आले त्यांच्यासाठी माग. त्या पोरांच्या आयांना इतक्या लांब कोणी फोन केला असेल, कुठल्या भाषेत. मी चिठ्ठीतली प्रार्थना म्हणायला घेतली आणि शब्द बदलले. एक बाळ म्हणायच्या जागी सगळी म्हटली. असं चालतं का, नियमात बसतं का, विचारलं नाही कुणाला.

नाताळला काय झालं हे सगळ्या विचारतात. काही झालं नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला गोठ्यात बाळ ठेवतात तेव्हा मी मनात म्हटलं, जन्मलं असशील तर सुखात राहा. मला दिवस गेले का? नाही. सासूबाईंना तेच ऐकायचं होतं, त्यांना तसं सांगितलं, त्या म्हणाल्या बरं. २८ डिसेंबरला निष्पाप बालकांचा सण असतो, येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजाने मारलेल्या, म्हटलं त्याने शेवट करू, तर २०२५ मध्ये तो रविवारी आला, आणि नाताळनंतरचा रविवार पवित्र कुटुंबाचा, त्यामुळे त्या वर्षी बालकांचा सण झालाच नाही. फादर उपदेशात म्हणाले कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मूल. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोपराने ढोसलं, पुढे बघ.

आता सिस्टर म्हणतात यंदा, २०२६ ला, चिठ्ठ्या तू वाट, २५ मार्चला, बुधवारी येतोय. मी हो म्हटलं, पण माझ्या अटींवर. चिठ्ठ्या कोंकणीबरोबर मराठीतही छापायच्या, आणि हिंदीत थोड्या, कारण बाजारात, हॉटेलात काम करणाऱ्या मुलींना कोंकणी कुठं वाचता येते. फोटो एकही नाही. आणि मागच्या बाजूला, एखादी मुलगी अडकली असेल तर कुठं फोन करायचा, कुठं राहता येईल, बाळंतपणाचा खर्च कोण बघेल, हे नीट नंबरासकट. त्यावर दोन मीटिंगा झाल्या, नंबराला एका काकांचा विरोध होता, म्हणे लोक रात्री-अपरात्री फोन करतील. मी म्हटलं मग करायलाच तर देतोय. ठरलं एकदाचं.

एक अडचण राहिलीय. यंदा एप्रिलचा पहिला शुक्रवार ३ तारखेला, आणि त्याच दिवशी गुड फ्रायडे. त्या दिवशी मिस्साच नसतो, मग नवीन लोकांचा पहिला शुक्रवार धरायचा की मेपासून सुरू करायचं, म्हणजे जानेवारीपर्यंत जाणार. फादरांना विचारलं. म्हणाले, "मिस्सा नसला तरी विधीत कम्युनियन असतं, चालतं. फक्त त्यांना सांग तीनच्या आधी या, नाहीतर बाहेर उन्हात उभं राहावं लागेल."